ताल मोडला की दांडी पडते

चवथीच्या सातव्या दिवशी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या फळापानांच्या छताचा, वास बदलतो. पहिल्या दिवशीचा ओला, हिरवा, रानातून नुकताच उतरलेला वास निघून जातो आणि पिकल्या फळांचा, किंचित आंबूस, जड वास घरभर बसून राहतो. २०१९ ची ती रात्र मला त्या वासासकट आठवते. तारीख ८ सप्टेंबर. आमचं मूळ घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून बरंच आत, आणि गणपती नऊ दिवसांचा. रात्रीची आरती झाली होती, बायका फुगड्या घालून दमल्या होत्या, मुलं जागा मिळेल तिथे झोपली होती. बाहेर पाऊस लागून राहिला होता. थोरले काका भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर घुमट, मातीच्या घटाला कातडं ताणून केलेलं वाद्य. आरती संपली तरी घुमट खाली ठेवायची त्यांना कधीच घाई नसते.

भाचीचा निरोप संध्याकाळीच आला होता. ती कॅनडात असते, कॅलगरीला. "मामा, आज जागा राहा. इथे घोड्यांची मोठी स्पर्धा आहे आणि मी मैदानातच असणार. तुझ्या पुण्यातल्या घोड्यांच्या गोष्टी ऐकून मी तिकीट काढलंय, आता तूच झोपू नकोस." तिची दुपार म्हणजे आमची मध्यरात्र. पुतण्याने मोबाइल टीव्हीला जोडून दिला आणि तोही आडवा झाला. जागे राहिलो मी आणि काका.

स्पर्धा स्प्रूस मेडोजची होती. त्या जागी पूर्वी गुरं पोसून विकण्याचा वाडा होता. सदर्न कुटुंबाने ती जमीन घेतली आणि १९७६ मध्ये तिथे घोड्यांच्या उड्यांचं, म्हणजे शो जम्पिंगचं मैदान सुरू केलं. सप्टेंबरातल्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी जो मुख्य सामना होतो, त्या एकट्याची बक्षिसं त्या वर्षी मिळून ३० लाख कॅनेडियन डॉलर होती. तेव्हाच्या भावाने सोळा कोटी रुपयांच्या घरात. पहिल्याला त्यातला साधारण तिसरा हिस्सा.

मी काकांना आकडा सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, "घोडे धावतात?"

"नाही, उड्या मारतात."

"कितक्या?"

"बारा-तेरा."

"बरं," म्हणाले आणि टीव्हीकडे वळून बसले.

खेळ सांगायला सोपा आहे. हिरव्या मैदानावर अडथळे मांडलेले असतात, ठरल्या क्रमाने ते ओलांडायचे. या पातळीवर उंची १.६० मीटर, माझ्या नाकापर्यंत येईल इतकी. काही अडथळे जोडदांड्यांचे, म्हणजे उंचही आणि रुंदही. एक पाण्याचा. दांडी उथळ वाटीत नुसती टेकवलेली असते, टाप लागली की सुटते. एक दांडी पडली की चार दोष. घोडा अडला तर चार, दुसऱ्यांदा अडला तर बाद. पडला तर बाद. कॅलगरीच्या त्या सामन्यात दोन फेऱ्या, आणि तरी बरोबरी राहिली तर घड्याळ लावून पुन्हा एकदा. बाकीचे बारकावे इथे नकोत.

पहिले तीन-चार घोडे होईपर्यंत काका काहीच बोलले नाहीत. डोळे अर्धे मिटलेले. पेंगताहेत, असं मला वाटलं. मग लक्षात आलं, घुमटाच्या कातड्यावर त्यांची बोटं हलताहेत. आवाज जवळजवळ नाहीच, नखाने पान खुडावं इतका. तीन ठोके आणि एक रिकामी जागा. तीन आणि खाली, तीन आणि खाली. मी पडद्याकडे पाहिलं. घोडा त्याच चालीत येत होता.

ज्याला घोडेस्वार कॅंटर म्हणतात त्या चालीत तीन टापा वाजतात आणि मग एक क्षण चारही पाय जमिनीवर नसतात. शिवाय या चालीत घोडा दर झेपेला एकदाच श्वास घेतो आणि सोडतो, त्याला वेगळा श्वास घेता येत नाही. अडथळ्यांजवळ ठेवलेल्या माइकमधून तो फुत्कार ऐकू येत होता. टापा गवतात बुडत होत्या, पण श्वास बुडत नव्हता. काका त्या श्वासावर वाजवत होते.

एक तपकिरी घोडा जोडदांड्यांकडे वळला. दोन झेपा उरल्या असतील. काकांची बोटं थांबली. "ताल मोडला," ते म्हणाले. घोडा उडाला, पुढचे पाय सुटले, मागचे लागले आणि दांडी गवतावर पडली.

नंतरच्या अर्ध्या तासात असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. पण ज्यांनी आयुष्यभर आरत्यांना आणि शिगम्याला साथ केली आहे त्या माणसाला, ज्याने हा खेळ कधी पाहिलेला नव्हता, दांडी पडण्याआधी ती पडणार हे कळत होतं. दर वेळी नाही. पाण्यापाशी ते चुकले. एकदा त्यांनी मोडला म्हटलं आणि घोडा अंग आखडून, पाय पोटाशी घेऊन तसाच निघून गेला. तेव्हा काका खूश झाले. "त्याने सावरलं," म्हणाले, "माणसाने नाही, घोड्याने."

हे ऐकून मला पुणं आठवलं.

शिकायला पुण्यात असताना मी दोन वर्षं एनसीसीच्या रिमाउंट आणि व्हेटरिनरी पथकात होतो. पहाटे उठून तबेल्यात जायचं, खरारा करायचा, चंदी द्यायची, मग खोगीर. आम्हांला शिकवायला साताऱ्याकडचे एक निवृत्त रिसालदार होते. ते फार बोलत नसत. आठवड्यातून दोन-तीन शब्दच वारंवार ऐकू यायचे: मांड, हात, नजर. मांड पक्की, हात हलका, नजर पुढे.

माझ्या वाट्याला आलेली घोडी चॉकलेटी रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. तीन फुटांवर दांडी लावलेली होती. मोठ्या घोड्यांच्या हिशोबात ही उडी नव्हेच. मी चालीत आलो, घोडीचे कान पुढे होते, सगळं नीट होतं. दांडीच्या अलीकडे दोन झेपा असताना मी खाली पाहिलं. दांडीकडे. माझ्या बोटांनी लगाम किती आवळला असेल? मला तर जाणवलंही नाही. घोडीला जाणवलं. ती थांबली आणि मी तिच्या मानेवरून पलीकडे गेलो. खांद्याचं हाड दोन महिने दुखत होतं. रिसालदारसाहेब आले, आधी घोडीचे पाय चाचपून पाहिले, मग मला उठवलं. म्हणाले, "ती तुला विचारत होती, जायचं ना? तू नाही म्हणालास."

मी तोंडाने काही म्हटलं नव्हतं. पण त्यांचं बरोबर होतं, आणि ते का बरोबर होतं हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळ्या दिशांचं दिसतं. पाठीमागचा एक तुकडा दिसत नाही आणि कपाळासमोरचा एक तुकडा दिसत नाही. दांडी लांब असताना तो तिला पाहतो, अंदाज घेतो. पण उडीसाठी पुढचे पाय उचलतो त्या क्षणी दांडी त्याच्या नजरेआड गेलेली असते. तो आठवणीवर उडतो. शिवाय आपल्याला दिसतात तसे रंग त्याला दिसत नाहीत. पिवळा आणि निळा दिसतो, लाल-नारिंगी त्याच्यासाठी गवताच्याच रंगात विरून जातात. ब्रिटनमधल्या घोड्यांच्या अडथळा-शर्यतींत आडव्या पट्ट्या वर्षानुवर्षं नारिंगी होत्या, माणसाला उठून दिसतात म्हणून. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांच्या नजरेचा अभ्यास केला तेव्हा त्या घोड्याला नीट दिसतच नाहीत हे पुढे आलं, आणि मग पट्ट्या पांढऱ्या झाल्या. इतकी वर्षं आपण आपल्या डोळ्यांनी घोड्यासाठी रंग निवडत होतो, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट. स्पर्धेआधी स्वार पायी मैदानात उतरतात आणि दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतात. माणसाची चार मोठी पावलं म्हणजे घोड्याची एक झेप, साधारण साडेतीन मीटरहून थोडी जास्त. इथे पाच झेपा बसतील, तिथे साडेपाच येतात, मग आखडून सहा घ्यायच्या की लांबवून पाच, हे सगळं स्वाराने चालता चालता ठरवायचं. घोड्याला मात्र ही वाट आधी दाखवत नाहीत. घंटा वाजते तेव्हा तो ती पहिल्यांदा बघतो. अनोळखी रस्ता, क्षणभर न दिसणारी दांडी आणि पाठीवर एक माणूस, जो म्हणतो आहे, चल. पाच-सहाशे किलोंचं ते जनावर एवढ्या एका शब्दावर जमीन सोडतं. सोळा कोटींचा आकडा मी त्या रात्री काकांना सांगितला, पण हे आधी सांगायला हवं होतं.

काकांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "उडताना तो हात सोडतो बघ."

घोडा हवेत असताना स्वाराचे दोन्ही हात मानेवरून पुढे सरकतात, लगाम सैल होतो, घोडा मान लांब करतो आणि त्या मानेनेच स्वतःला तोलतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे कुणी करत नसे. उडीवर मागे रेलायचं, पाय पुढे टाकायचे आणि लगाम ओढून धरायचा, अशी लष्करातली रीत होती. घोड्याच्या तोंडाला हिसका बसे, पाठ दुखावे, आणि घोडा उडीला बिचकला की त्यालाच दोष. फेडेरिको काप्रिली नावाच्या इटालियन घोडदळातल्या अधिकाऱ्याने मोकळे सोडलेले घोडे कसे उडतात ते पाहत राहून हे उलटं केलं. माणसाने घोड्याच्या मागे नाही, बरोबर जायचं. रिकिबी आखूड, अंग पुढे, हात मोकळा. १९०७ मध्ये तो घोड्यावरून पडून गेला, वय ३९. आज कॅलगरीपासून जर्मनीतल्या आखेनपर्यंत आणि पुण्याच्या एनसीसीच्या मैदानापर्यंत सगळे त्याच्या पद्धतीने बसतात. रिसालदारसाहेबांचा "हात हलका" तिथूनच आलेला. काकांना काप्रिली माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना हात दिसला.

आता मला थोडं आडवाटेला जायचं आहे, कारण गोव्यात बसून घोड्याच्या किमतीबद्दल बोलताना ही गोष्ट टाळता येत नाही.

आपल्या या बंदरातून घोडे आत येत होते. कदंबांच्या काळात गोपकपट्टणला, आजच्या गोवा वेल्ह्याकडे, अरबी घोड्यांची गलबतं लागत. १५१० मध्ये अफोंसो द अल्बुकर्कने गोवा घेतलं त्यामागे जी कारणं होती त्यांत घोडे हे एक ठळक कारण होतं. इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझहून येणारा घोडा गोव्यातच उतरला पाहिजे, जकात इथेच भरली पाहिजे, आणि मग तो घाट चढून विजयनगरला किंवा विजापूरकडे जाईल. ज्याच्या हाती घोडा, त्याच्या हाती दख्खनचं युद्ध. फर्नाओ नुनीझ हा पोर्तुगीज घोडेव्यापारी १५३५ च्या सुमारास विजयनगरात होता. राजा वर्षाला तेरा हजार घोडे विकत घेतो असं त्याने लिहून ठेवलं आहे. आणि त्याच्याही आधीच्या नरसिंह राजाबद्दल त्याने जे लिहिलं आहे ते वाचलं तेव्हा मी वही मिटून बसलो होतो. तो राजा हजार परदावांना (तेव्हाचं नाणं) तीन या भावाने घोडे घेई, जिवंत वा मेलेले. समुद्रात जो घोडा मरे त्याची फक्त शेपटी आणून दाखवायची. शेपटीचेही पैसे पुरे मिळत.

म्हणजे व्यापाऱ्याने कचरू नये, गलबतं येत राहावीत. हिशोब चोख होता. पण मांडवीच्या मुखाशी उभं राहिलं की मला हटकून त्या शेपट्यांची मोळी दिसते. किती दिवस ती जनावरं डोलत्या तळघरात उभी असतील, कोणत्या पाण्यावर, कोणत्या वाऱ्यात. घोड्याला ओकारी काढता येत नाही, पोट बिघडलं की तो तसाच तळमळतो. त्याची किंमत त्याच्या मागच्या टोकाला बांधलेली होती आणि ते टोक कापून हिशोबाला लावलं जात होतं.

आजच्या घोड्याचा प्रवास याच्या नेमका उलट आहे आणि तरी मला तो त्याच गोष्टीचा पुढचा अध्याय वाटतो. मोठ्या स्पर्धेचा घोडा विमानाने जातो. त्याला स्वतःचा पासपोर्ट असतो, मानेत चिप असते, रक्ताच्या तपासण्यांचे कागद असतात. भारतात जन्मलेल्या घोड्याला मात्र ही वाट फार अवघड. काही रोगांच्या बाबतीत आपल्या देशाला बाहेर मान्यता नव्हती, म्हणून घोडा पाठवायचा तर लांबलचक विलगीकरण. आपले स्वार मग युरोपात जाऊन तिथल्याच घोड्यांवर बसतात. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी सुवर्ण मिळवलं होतं. २०१८ मध्ये जकार्त्याला फवाद मिर्झाने रौप्य आणलं, तोच पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक अंतिम फेरीत पोचला, आणि २०२३ मध्ये हांगझोऊला ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या, चमूने सुवर्ण आणलं. या अलीकडच्या पदकांत माणसं आपली, घोडे परदेशातले. २०२५ च्या जुलैत मेरठ छावणीतल्या लष्कराच्या अश्वकेंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली तेव्हा ती बातमी आतल्या पानावर लहानशी आली होती. मी ती कापून ठेवली आहे. शतकानुशतकं घोडा या देशात आत येत राहिला. इथला घोडा आता ताठ मानेने बाहेर जाऊ शकेल, असं पहिल्यांदा वाटलं.

त्या रात्रीकडे परत येतो. दुसरी फेरी चालू झाली होती. वीज एकदा गेली, इन्व्हर्टर लागला, काकूंनी आतून विचारलं, "अजून जागेच?" आणि चहा टाकला.

काकांनी विचारलं, "हे घोडे या माणसांचेच ना?"

बहुतेकांचे नाहीत, मी म्हटलं. आणि मग मला मराठी शब्द सापडला, त्यासाठी वेगळं काही समजावावं लागलं नाही. शिलेदार आणि बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन लढाईला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शो जम्पिंगच्या सगळ्यांत वरच्या रांगेत बारगीरच जास्त. घोडा धनिकाचा, पागा त्याची, कधी घोड्यात दोन-तीन मालकांची भागी. स्वार वर्षानुवर्षं त्या घोड्याची नस न् नस ओळखून घेतो, आणि एका सकाळी मालकाला चांगला भाव येतो. घोडा दुसऱ्या देशात, दुसऱ्याच्या मांडीखाली. स्कॉट ब्रॅश या स्कॉटिश स्वाराने हॅलो सँक्टोस नावाच्या घोड्यावर जिनिव्हा, आखेन आणि कॅलगरी अशा तिन्ही मोठ्या स्पर्धा लागोपाठ जिंकल्या, शेवटची २०१५ मध्ये याच मैदानावर, आणि वरचं दहा लाख युरोंचं इनाम मिळवलं. ते आजवर दुसऱ्या कुणाला साधलेलं नाही. सँक्टोस त्याच्या मालकांचा होता, ब्रॅशचा नव्हता. मालक चांगले होते, त्यांनी घोडा विकला नाही. विकला असता तर त्याचं नाव आज कुणाला आठवलं असतं?

काका म्हणाले, "बारगिराला घोडा जास्त कळतो. शिलेदार आपल्या घोड्याला जपतो, मेला तर त्याचंच नुकसान. बारगिराचं नुकसान पैशाचं नसतं."

मला हे अजून पुरतं पटलेलं नाही, पण मी ते विसरलोही नाही.

पैशाचं एक दुसरंही अंग आहे. ते काकांना सांगताना मला जड गेलं. २००८ च्या ऑलिम्पिकमधल्या घोड्यांच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या होत्या. तिथे चार घोड्यांच्या तपासणीत कॅप्सायसिन सापडलं, म्हणजे मिरचीतला तिखट अंश. नॉर्वेच्या चमूचं कांस्यपदक त्यात गेलं. हे द्रव्य वेदना मारायलाही वापरतात, पण पायांना चोळलं तर कातडी हुळहुळी होते, मग दांडीचा नुसता स्पर्शही भाजल्यासारखा लागतो आणि घोडा पाय जास्त उचलतो. त्या चौघांच्या बाबतीत कुणाचा काय हेतू होता ते मी ठरवणार नाही. पण असं करता येतं आणि म्हणून ते तपासावं लागतं, यातच सगळं आलं. आता घोड्यांच्या पायांना बांधायच्या पट्ट्यांवरसुद्धा नियम आहेत, ते उगाच झालेले नाहीत. सासष्टीत धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी चालायच्या. उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंदी घातली, तरी त्या चोरून होतात हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कॅलगरीचं हिरवं मैदान आणि धिरयोचं शेत मी एका मापाने मोजत नाही. एका जागी जनावराला जनावरावर घालतात, दुसऱ्या जागी माणूस त्याच्याबरोबर उडतो. पण दोन्हीकडे पैसा ज्याच्यावर लागलेला आहे त्याला पैसा माहीत नाही. म्हणून पहारा हवा, आणि बक्षीस जेवढं मोठं तेवढा तो कडक हवा. याबाबतीत माझ्या मनात काही किंतु नाही.

आणि तरीही किमतीने घोडा ठरत नाही, याचेही दाखले या खेळानेच दिले. १९५६ मध्ये अमेरिकेत एका घोडेस्वारी शिकवणाऱ्या माणसाने कसायाकडे निघालेल्या ट्रकमधून नांगराचा एक पांढुरका घोडा ८० डॉलरला उतरवून घेतला. शेजाऱ्याला विकला तर कुंपणं ओलांडून परत आला. तेव्हा कळलं की हा उडतो. त्याचं नाव स्नोमॅन, आणि दोनच वर्षांत तो देशातल्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धांमध्ये पहिला होता. चिलीतल्या हुआसोची गोष्ट अशीच, शर्यतीत न चाललेला घोडा. ५ फेब्रुवारी १९४९ ला कॅप्टन आल्बेर्तो लार्रागिबेल यांना पाठीवर घेऊन त्याने तिसऱ्या प्रयत्नात २.४७ मीटर उंची ओलांडली. आमच्या ओसरीचं आढं त्याहून खाली आहे. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

पहाटे कधीतरी निकाल लागला. बीझी मॅडन, अमेरिकेची, घोडा डॅरी लू. २००५ मध्ये तिने जजमेंट नावाच्या घोड्यावर हीच स्पर्धा जिंकली होती, चौदा वर्षांनी पुन्हा. तिचं वय मी काकांना सांगितलं, पंचावन्न.

"पंचावन्न," काका म्हणाले. "मी बावन्नाव्या वर्षी घोडा सोडला."

हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे शिगम्यात घोडेमोडणी होते. सत्तरीत, डिचोलीत. लाकडी तोंडाचा, बांबूच्या सांगाड्याचा, रंगीत कापडाने मढवलेला घोडा नाचणारा आपल्या कमरेला बांधतो. डोक्याला फुलांनी सजवलेलं पागोटं, पायांत घुंगरं, एका हातात नंगी तलवार, दुसऱ्या हातात लगाम. ढोल-ताशे सुरू झाले की तो घोड्यासारखा बिचकतो, पुढे झेपावतो, मागे सरतो, आणि त्याच वेळी स्वार म्हणून ताठही असतो. कमरेखाली घोडा, कमरेवर राऊत. लढायला गेलेल्या आणि जिंकून आलेल्या पूर्वजांची ती आठवण आहे असं मानतात. काकांनी तीस वर्षं घोडा बांधला. गुडघा गेला तेव्हा सोडला, आणि त्यानंतर मांडावर, म्हणजे गावाच्या शिगम्याच्या जागेवर, ते ढोलापाशी उभे राहतात.

भाचीचा व्हिडिओ कॉल आला. मैदानाबाहेरच्या कुंपणाशी ती उभी होती, तिथे लख्ख ऊन, आणि मागे एक मोतद्दार मुलगी कुठलासा घामेजलेला घोडा सावकाश फिरवत होती. जिंकलेला नव्हे, असाच एक. तंग सैल केलेला होता, पाठीवर पातळ झूल. घोडा दर चार पावलांनी त्या मुलीच्या खांद्याला तोंड घासत होता. "मामा, दिसतंय?" ती ओरडून विचारत होती. "काका, तुम्हीपण जागे?"

काका मोबाइलच्या अगदी जवळ गेले. "त्याला आता पाणी देतील ना?"

"देतील, काका."

"थोडं थोडं द्या म्हणावं. गरम अंगावर एकदम नको."

पाऊस थांबला होता. काकांनी घुमटाला कापड गुंडाळलं आणि ते झोपायला गेले. नवव्या दिवशी विसर्जन झालं, आम्ही पणजीला परतलो, आणि त्या रात्रीबद्दल आमचं पुन्हा बोलणं झालं नाही.

पुढच्या फाल्गुनात मी घोडेमोडणीला गेलो. काकांचा नातू त्या वर्षी पहिल्यांदा घोडा बांधणार होता, अठरा वर्षांचा, घसा कोरडा पडलेला. मांडाच्या कडेला बसून काका त्याच्या कमरेची दोरी आवळत होते. मग त्यांनी लाकडी तोंडातून आलेला जुना लगाम काढला, खिशातून नवी दोरी काढली आणि ती ओवू लागले. नेहमीपेक्षा हातभर लांब होती. शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी म्हटलं, "काका, सैल पडेल, हातात लोंबत राहील."

"असू दे," काका म्हणाले. "उडी घेताना त्याला मान पुढे काढता यायला हवी."

ढोल सुरू झाला.